एका पातीला एकच रोज
(उदगीर येथील निधी सभेतले भाषण)



निवडणूक निधीसाठी आज झोळी फिरते आहे. त्याआधी मुंबईचा एक खटला ऐका.

मॅकिनन मॅकेन्झी कंपनीत ऑड्री डिकोस्टा स्टेनोग्राफर होत्या. काम पुरुष स्टेनोग्राफरांसारखेच, पगार मात्र कमी. 1977 मध्ये नोकरी सुटल्यावर त्यांनी 1976 च्या समान वेतन कायद्याखाली फरक मागितला. कंपनी म्हणाली, पगाराचा करार युनियनशी झालेला आहे. शिवाय आमची ऐपत नाही. 1987 साली सुप्रीम कोर्टाने दोन्ही सबबी फेटाळल्या. करार केला म्हणून भेदभाव कायदेशीर होत नाही आणि ऐपत नाही म्हणून कायदा थांबत नाही.

‘ऐपत नाही’ हे शब्द आपल्या ओळखीचे आहेत. कापसाचा खर्च भरून निघत नाही, हे खरेच. पण तो तोटा बाईच्याच रोजातून का कापायचा? ज्वारीच्या काढणीला बाई आणि गडी शेजारीशेजारी पात धरतात. दिवस मावळता दोघांची पात बरोबरीने लागते. हातावर पैसे मात्र कमीजास्त पडतात.

मोंढ्यात माल पाडून मागितला की आपण उत्पादन खर्चाचा हिशेब मांडतो. तोच हिशेब बांधावर बाईने मांडला, तर तिला काय उत्तर देणार?

म्हणून निधीबरोबर आम्ही आणखी एक वर्गणी मागतो: एका पातीला एकच रोज. सरकारकडे घामाचे दाम मागायला जायचे, तर बांधावरचे दाम आधी चुकते करून जाऊ.