दोन नगरे आणि तळचा माणूस



ग्रीस देशाचा इतिहास शिकविताना अथेन्स व स्पार्टा ही प्रतिस्पर्धी नगरे समोरासमोर उभी केली जातात. एक लोकसभेचे व विद्येचे, दुसरे शिस्तीचे व शस्त्राचे. परंतु स्पार्टाची शेते हेलॉट नावाचे गुलाम कसत, आणि अथेन्सच्या सभेत दासांना व स्त्रियांना स्थान नव्हते, हे सांगताना मास्तरांचा आवाज खाली येतो. आपण मात्र तेथूनच आरंभ करावयाचा. नगरातील तळच्या माणसाचे काय?

आपल्याकडेही अशी दोन नगरे होती. १७३१ सालच्या वारणेच्या तहाने सातारा व कोल्हापूर अशा दोन गाद्या निश्चित झाल्या. साताऱ्याची सत्ता पुढे पुण्यात पेशव्यांच्या हाती गेली. त्या पुण्यात अस्पृश्याच्या गळ्यात मडके व कमरेस झाडू असे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली लिहून ठेवले आहे. पेशवाई १८१८ साली बुडाली. वृत्ती बुडाली नाही. १९०१ साली वेदोक्ताच्या वादात 'केसरी'ने छत्रपतींना वेदोक्ताचा मान नाकारणाऱ्यांची बाजू घेतली. १९२९ साली पर्वतीचे देऊळ सत्याग्रहींना उघडले नाही. ह्याच पुण्यात १८६८ साली जोतीरावांनी आपला हौद खुला केला होता, पण तो त्यांच्या घरचा हौद; नगराचा नव्हे.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०२ साली मागासलेल्यांसाठी निम्म्या रिक्त जागा राखल्या, आणि गंगाराम कांबळे यांच्या दुकानात स्वतः चहा घेतला. महारवतन त्यांनी १९१८ साली रद्द केले. मुंबई राज्यात त्यासाठी १९५८ चा कायदा यावा लागला. चाळीस वर्षे! तेवढ्या अवधीत वेठीखाली एक पिढी जन्मून म्हातारी होऊ लागते.

तरीही वकील या नात्याने एक भेद सांगणे प्राप्त आहे. कोल्हापूरचा हुकूम कितीही उदार असला तरी तो राजाच्या इच्छेने निघाला होता, आणि राजाच्या इच्छेविरुद्ध दाद कोणत्या न्यायालयात मागणार? महाराजांना हे उमगले असावे; १९२० साली माणगावच्या परिषदेत त्यांनी अस्पृश्य समाजाला स्वतःचा पुढारी म्हणून बाबासाहेबांकडे बोट दाखविले. १९५० साली अमलात आलेल्या घटनेचे कलम १५ घरी वाचून पाहा. दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव, रस्ते यांची नावे त्यात स्पष्ट घातली आहेत. गंगारामांचे दुकान व जोतीरावांचा हौद एकाच कलमात आले! पाणवठ्यावर कोणी अडविल्यास अर्जात 'मेहेरबानी' हा शब्द घालू नका. कलमाचा आकडा घाला.