सुरक्षा आणि स्वातंत्र्य : मराठवाड्याने शिकलेला धडा



दरवर्षी १७ सप्टेंबरला नांदेड आणि लातूरच्या शाळाशाळांतून ध्वजारोहण होते. देश १५ ऑगस्ट १९४७ रोजी स्वतंत्र झाला; मराठवाड्याला मात्र त्यानंतर तेरा महिने वाट पाहावी लागली. या तेरा महिन्यांचे मोल इथल्या गावांनी रक्ताने चुकवले. भीषण हिंसाचार अनुभवलेल्या समाजाने आपली सुरक्षितता राखताना नागरिकाचे स्वातंत्र्य कसे सांभाळावे, या प्रश्नाचा विचार आज जगभर होतो. अमेरिकेने ११ सप्टेंबर २००१ नंतर, भारताने २६ नोव्हेंबर २००८ नंतर नवे कायदे केले. परंतु मराठवाड्याने हा प्रश्न ग्रंथांतून अभ्यासलेला नाही, तो भोगलेला आहे.

निजामी राजवटीला ‘सार्वजनिक शांतता’ हा शब्द फार प्रिय होता. ‘गश्ती निशान ५३’ या कुप्रसिद्ध हुकमानुसार सभा घ्यायची तर आधी परवानगी काढावी लागे. आखाडे आणि खासगी शाळा यांवरही निर्बंध होते. हैदराबाद स्टेट काँग्रेस १९३८ मध्ये रीतसर स्थापन होण्यापूर्वीच तिच्यावर बंदी आली. त्याच वर्षी ‘वंदे मातरम्’ म्हणणाऱ्या विद्यार्थ्यांना शिक्षणसंस्थांचे दरवाजे बंद झाले. स्टेट काँग्रेस, आर्य समाज आणि हिंदू महासभा यांच्या सत्याग्रहींनी तुरुंग भरले, ते या मूलभूत नागरी हक्कांसाठी.

येथे एक विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. ज्या राज्याला प्रार्थनेचा आवाज धोकादायक वाटत होता, त्याच राज्याला सशस्त्र रझाकारांची संघटना धोकादायक वाटली नाही. लातूरला वकिली केलेला कासिम रझवी या संघटनेचा सर्वेसर्वा झाला. बिलोली तालुक्यातील अर्जापूरजवळ १९४६ मध्ये गोविंदराव पानसरे यांची हत्या झाली. पुढे गावेच्या गावे लुटली गेली, कुटुंबे सरहद्दीपलीकडच्या शिबिरांत आसऱ्याला गेली. लोकांचे स्वातंत्र्य आधीच काढून घेतलेले होते. त्याच्या बदल्यात त्यांना सुरक्षितता मिळाली का? मिळाली ती फक्त राजवटीला, आणि तीही टिकली नाही. म्हणून राज्यसंस्था सुरक्षेचे कारण सांगते तेव्हा नागरिकाने पहिला प्रश्न विचारावा : ही सुरक्षा कोणाची?

१३ ते १७ सप्टेंबर १९४८ या अवघ्या पाच दिवसांत पोलीस कारवाई पार पडली आणि अत्याचारी राजवट संपली. मुक्तीचा तो आनंद निखळ होता. परंतु त्यानंतरच्या आठवड्यांत जे घडले, तेही या प्रदेशाच्या स्मृतीत आहे आणि प्रामाणिक समाजाने ते झाकू नये. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने या काळातील सूडाच्या हिंसाचाराची पाहणी केली. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड हे चार जिल्हे सर्वाधिक होरपळल्याचे तिने नोंदवले. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होते. बळींच्या आकड्यांबाबत मतभेद आहेत. समितीचा स्वतःचा अंदाज संपूर्ण संस्थानासाठी २७ ते ४० हजारांचा होता. रझाकारांशी ज्यांचा काहीही संबंध नव्हता, असे असंख्य मुसलमान त्यात मारले गेले. त्याच अहवालात शेजाऱ्याचा जीव वाचवण्यासाठी स्वतःचा जीव धोक्यात घालणाऱ्या हिंदूंचीही नोंद आहे. अपराध्याचा शोध घेण्याऐवजी त्याच्या जातभाईला शिक्षा करणे, याला न्याय म्हणत नाहीत. कायद्याचे राज्य अनुपस्थित असले की पीडितही पाहता पाहता पीडक होतो, हा या आठवड्यांचा कठोर धडा आहे.

मग कायद्याचे राज्य म्हणजे नेमके काय? त्याचे उत्तर हैदराबादच्याच दोन खटल्यांत मिळते. पोलीस कारवाईनंतर रझाकारांच्या गुन्ह्यांसाठी विशेष न्यायाधिकरणे नेमण्यात आली. कासिम रझवी बीबीनगरच्या खटल्यात दोषी ठरला आणि सर्वोच्च न्यायालयाने १९५३ मध्ये त्याची शिक्षा कायम केली. त्याच वर्षी त्याच न्यायालयापुढे वरंगळच्या एका माजी सुभेदाराचे अपील आले. एका गावावरील हल्ला, जाळपोळ आणि हत्या असे आरोप होते, शिक्षा फाशीची होती. परंतु घटनास्थळी उपस्थित असलेल्या महत्त्वाच्या पोलीस अधिकाऱ्याची साक्षच सरकारपक्षाने घेतली नव्हती आणि आरोपीला बचावाची पुरेशी संधी मिळाली नव्हती. न्यायालयाने त्याला मुक्त केले. जखमा ओल्या असताना असा निकाल देणे सोपे नव्हते. पण रझवीच्या शिक्षेला जे नैतिक वजन प्राप्त झाले, ते अशाच काटेकोरपणामुळे. दोष सिद्ध झाला नाही तर आरोपी सुटतो, हे ठाऊक असते तेव्हाच दोषसिद्धीवर लोकांचा विश्वास बसतो.

राष्ट्रनिष्ठ कार्यकर्त्याला तर हे वेगळे सांगायला नको. महात्मा गांधींच्या हत्येनंतर फेब्रुवारी १९४८ मध्ये राष्ट्रीय स्वयंसेवक संघावर बंदी आली, ती जुलै १९४९ मध्ये उठली. आणीबाणीत ४ जुलै १९७५ रोजी पुन्हा बंदी आली. ‘मिसा’खाली हजारो जण विनाचौकशी स्थानबद्ध झाले. घरचा कर्ता पुरुष कोणत्या आरोपाखाली आत आहे, हे कुटुंबाला कळत नसे. एप्रिल १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने स्थानबद्धाला दाद मागण्याचा अधिकारच नाकारला. न्यायमूर्ती हंसराज खन्ना एकटे विरुद्ध उभे राहिले. त्यापायी त्यांचे सरन्यायाधीशपद गेले. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बहुमताचा निकाल चुकीचा होता असे स्पष्ट केले. मिसाही आणला गेला होता तो अंतर्गत सुरक्षेच्याच नावाने. आपल्या विरोधकावर वापरला जाणारा कठोर कायदा उद्या आपल्या दाराशी येणार आहे असे समजूनच त्याची भाषा तपासावी.

याचा अर्थ कठोर कायदे नकोतच, असा होत नाही. मुंबईवरील २६/११ च्या हल्ल्यात १६६ जणांचे प्राण गेले. दहशतवादी संघटना सीमेपलीकडून पैसा, शस्त्रे आणि प्रशिक्षण मिळवतात. चोरीमारीसाठी लिहिलेला कायदा त्यांना पुरत नाही. म्हणूनच २००८ च्या अखेरीस राष्ट्रीय तपास संस्था स्थापन झाली आणि बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायदा अधिक कडक झाला. त्याच हल्ल्यातील कसाबला मात्र वकील मिळाला, खटला चालला, सर्वोच्च न्यायालयापर्यंत अपील झाले आणि त्यानंतरच २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात फाशी झाली. भारताने जगाला आपले सामर्थ्य दाखवले ते या संयमाने.

खरी दुर्बलता दिसते ती तपासात. ११ जुलै २००६ रोजी मुंबईच्या लोकलगाड्यांत झालेल्या स्फोटांत १८० हून अधिक प्रवासी ठार झाले. उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सर्व आरोपींची निर्दोष सुटका केली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. मालेगावच्या २००६ च्या स्फोटांत प्रथम पकडलेले तरुण २०१६ मध्ये आरोपमुक्त झाले. मालेगावच्याच २००८ च्या खटल्यातील सातही आरोपी ३१ जुलै २०२५ रोजी निर्दोष सुटले. नांदेडच्या एप्रिल २००६ च्या स्फोट प्रकरणातील हयात आरोपीही जानेवारी २०२५ मध्ये सुटले. आरोपी कोणत्या धर्माचे, हा विचार क्षणभर बाजूला ठेवावा. एवढी वर्षे खटले चालले आणि मृतांच्या आप्तांना अखेर काय मिळाले? निरपराध तुरुंगात असतो तेव्हा खरा अपराधी मोकळा असतो. ढिसाळ तपास स्वातंत्र्य आणि सुरक्षा या दोहोंचा एकाच वेळी घात करतो.

तेव्हा कोणताही सुरक्षा कायदा चार कसोट्यांवर पारखावा. गुन्ह्याची व्याख्या निश्चित असावी. अधिकारांना कालमर्यादा असावी. टाडा १९९५ मध्ये लयाला गेला, पोटा २००४ मध्ये रद्द झाला, कारण संसदेला फेरविचाराची संधी होती. अटक करणाऱ्याहून वेगळ्या, स्वतंत्र न्यायिक यंत्रणेने कारवाई तपासावी. आणि चुकीच्या तपासाची जबाबदारी निश्चित व्हावी. जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने संमत केलेल्या विशेष जनसुरक्षा विधेयकालाही याच कसोट्या लागू होतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी संहितेत झडतीचे चित्रीकरण आणि गंभीर गुन्ह्यांत न्यायवैद्यक तपासणीची तरतूद आहे. ती तालुक्याच्या ठाण्यापर्यंत पोहोचायला हवी.

शेवटी, काही भार समाजानेही उचलायचा आहे. पंच म्हणून सही करायला कोणी पुढे येत नाही, साक्षीदार कोर्टात फिरतो, अफवा मात्र क्षणात गावभर होते. साक्ष देणारा नागरिक आणि अफवेच्या रात्री शेजाऱ्याच्या दारात उभा राहणारा नागरिक, हे दोघे सुरक्षेचे पहिले शिपाई आहेत. १९४८ च्या त्या आठवड्यांत असे काही जण या मातीत होते. १७ सप्टेंबरला हुतात्म्यांना वंदन करताना त्यांचेही स्मरण व्हावे. मुक्तिसंग्रामाने मिळवलेले राज्य कायद्याचे राहिले, तरच ती मुक्ती खरी.