अंगठा आणि पुढचे दात

सुरतेच्या लिंबायत, उधना भागांत खानदेशातून आलेली पुष्कळ मराठी कुटुंबे राहतात. साड्यांवर टिकल्या लावण्यात आई गुंतली, की तान्हुल्याचा अंगठा तोंडात जातो. कुणी रबरी चोखणी देते. त्यात भिण्याजोगे काही नाही. बहुतेक मुले ही सवय चौथ्या वर्षापर्यंत आपणहून सोडतात.

खरा प्रश्न पुढचा आहे. सहाव्या-सातव्या वर्षी समोरचे कायमचे दात येतात. तोवर अंगठा सुटला नाही, तर वरचे दात पुढे झुकतात आणि तोंड मिटले तरी दोन्ही ओळींत फट राहते. मग कुणी अंगठ्याला कडुनिंबाचा रस फासतात, कुणी चटक्याची धमकीही देतात! धास्तावलेले मूल पांघरुणाआड अधिकच चोखते. त्यापेक्षा निजताना त्याचा हात हाती घ्यावा. चोखणीला मध किंवा साखर मात्र मुळीच लावू नये. त्याने दात किडतात.