दारिद्र्य कोणत्या मापाने मोजावे?



आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि मजुरांच्या नाक्यावर अधिक झाले. तेव्हा अर्थशास्त्राची परिभाषा आमच्याकडून अपेक्षू नये. मापाची भाषा मात्र आम्हांस कळते. देश दारिद्र्याशी खरोखर लढतो आहे की नाही, हे कोणत्या मापाने ठरवावे, एवढाच आजचा प्रश्न आहे.

सरकारचे उत्तर ठरलेले आहे : दारिद्र्यरेषा. तेंडुलकर समितीच्या पद्धतीने २०११-१२ साठी ही रेषा खेड्यात दरमहा माणशी ८१६ रुपये आणि शहरात १,००० रुपये ठरली. त्या हिशेबाने देशात शेकडा सुमारे २२ माणसे गरीब होती. जागतिक बँकेने २०२५ साली केलेल्या हिशेबात, २०२२-२३ मधील अतिगरिबांचे प्रमाण शेकडा ५.३ भरले. हे आकडे खोटे आहेत असे आम्ही म्हणत नाही. गरिबाच्या ताटात दोन घास वाढले, तर त्याचा आनंद आम्हांस इतरांहून अधिक. पण ८१६ रुपये महिना म्हणजे दिवसाला सत्तावीस रुपये. अठ्ठावीस खर्च करणारा रेषेच्या वर गेला. म्हणून तो मुकादमापुढे मान वर करून बोलू लागला काय? रेषा याचे उत्तर देत नाही.

उत्तर हवे असेल तर १९८२ सालच्या दिल्लीकडे पाहावे. आशियाई खेळांसाठी तेथे बांधकामे चालू होती. किमान मजुरी होती दिवसाला ९ रुपये २५ पैसे. मुकादम त्यातून रुपया कापून घेत. एका नागरी हक्क संघटनेने न्यायमूर्ती भगवती यांना पत्र लिहिले आणि सर्वोच्च न्यायालयाने ते पत्रच अर्ज म्हणून दाखल करून घेतले. कसूर ठेकेदारांची आहे, असे म्हणून सरकारला हात झटकता आले नाहीत. किमान मजुरीहून कमी पैशांत राबवून घेणे म्हणजे घटनेच्या २३व्या कलमाने मना केलेली वेठबिगारीच होय, असा निकाल झाला. माणसाला वेठीस धरण्यास चाबूकच लागतो असे नाही; भूकही पुरते. दारिद्र्य आणि मानवी हक्क ही दोन खाती नव्हेत, हे त्या एका रुपयाने सिद्ध केले.

आपल्या महाराष्ट्राला याची खूण आधीच पटली होती. १९७२च्या दुष्काळात लाखो माणसे खडी फोडायला गेली. त्यातून रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. त्यासाठी पैसा उभारावा म्हणून १९७५ साली शहरातल्या नोकरदारांवर व्यवसायकर बसला. आपल्यापैकी पुष्कळांच्या पगारातून तो आजही कापला जातो. त्या कायद्यात मोठी गोष्ट होती ती ‘हमी’ या शब्दाची. मजुराने काम मागावे आणि सरकारने ते द्यावे. न दिल्यास बेकारभत्ता द्यावा. याचक हक्कदार झाला.

२००५ साली देशाने ही हमी स्वीकारली : ग्रामीण कुटुंबास वर्षाला १०० दिवस काम, पंधरा दिवसांत मजुरी. पण त्याच कायद्याने मजुरीचा दर किमान वेतनाच्या कायद्यापासून वेगळा ठरवण्याची मुभा केंद्राला दिली. एका हाताने दिले, दुसऱ्याने राखून ठेवले! डिसेंबर २०२५ मध्ये त्या जागी नवा कायदा मंजूर झाला. त्यात दिवस १२५ आहेत. पण शेतीच्या हंगामात एकूण ६० दिवस कामे बंद ठेवण्याची तरतूदही आहे. ऐन हंगामात सरकारी काम बंद म्हटल्यावर मजुरीचा भाव कोण ठरवणार? दिवस वाढले याचे आम्ही स्वागत करू. हक्क वाढला काय, हे मात्र विचारू.

म्हणून आमचे माप साधे आहे. काम मागितल्याची पावती मिळते काय? ठरलेली मजुरी ठरलेल्या दिवशी हातात पडते काय? आणि न पडल्यास जाब द्यायला कोणी नाव असलेला अधिकारी उभा राहतो काय? या तीन प्रश्नांना ज्या तालुक्यात ‘होय’ असे उत्तर मिळेल, तेथे दारिद्र्य हटत आहे असे आम्ही समजू. जेथे मिळणार नाही, तेथे आकडा कितीही खाली येवो, माणूस अजून दुसऱ्याच्या मेहेरबानीवर जगत आहे.

आपण व्यवसायकर भरता, म्हणून हे तीन प्रश्न विचारण्याचा अधिकार आपलाही आहे. तो आपण वापरावा, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.