रुग्णवाहिका आणि संपर्काचे जाळे
(वार्षिक स्नेहमेळाव्यातील भाषण, उमापूर, ता. गेवराई, जि. बीड)



धर्मादाय रुग्णालयाच्या अहवालात खाटा, शस्त्रक्रिया, औषधे आणि रुग्णवाहिका यांचा हिशेब असतो. यांतील बरेच काही दात्यांच्या औदार्यातून उभे राहते. तथापि, एक गोष्ट कोणताही दाता एकट्याने देऊ शकत नाही. ती म्हणजे अपघाताचे ठिकाण, रुग्णवाहिका, नियंत्रण कक्ष आणि रुग्णालय यांना जोडणारे संपर्काचे जाळे. त्याविषयी आज चार शब्द बोलावयाचे आहेत.

या जाळ्याचे मोल मराठवाड्याने फार मोठी किंमत देऊन ओळखले आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसर हादरला. गणेश विसर्जन आटोपून गावे नुकतीच निद्राधीन झाली होती. हजारो माणसे दगडमातीच्या घरांखाली गाडली गेली. अशा वेळी मदत किती लवकर निघते, हे वार्ता किती लवकर पोहोचते यावर अवलंबून असते. या भूकंपानंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने राबविलेल्या पुनर्वसन कार्यक्रमात राज्य शासनाने आपत्ती व्यवस्थापनाचे आराखडे तयार केले आणि मंत्रालयापासून जिल्ह्यापर्यंतचे नियंत्रण कक्ष उपग्रह व बिनतारी यंत्रणेने जोडण्याचे काम हाती घेतले.

दुसरा धडा मुंबईने दिला. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. वीज गेली, दूरध्वनी व मोबाइल सेवा ठिकठिकाणी बंद पडली. नित्याचा फोन ऐन संकटात मुका होतो, हे तेव्हा सर्वांनी अनुभवले. संपन्न देशही याला अपवाद नाहीत. ११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कच्या जळत्या मनोऱ्यांत इमारत सोडण्याचा आदेश अनेक अग्निशामक जवानांपर्यंत पोहोचलाच नाही. पुढे २०१२ साली अमेरिकेने आपत्कालीन सेवांसाठी स्वतंत्र जाळे उभारण्याचा कायदा केला, त्यासाठी रेडिओलहरी राखून ठेवल्या आणि सुमारे ७ अब्ज डॉलरची तरतूद केली.

आपल्याकडेही शासनाने काही मोलाची पावले टाकली आहेत. २०१४ साली राज्यात ९३७ रुग्णवाहिकांसह १०८ क्रमांकाची सेवा सुरू झाली. पुण्यातील एका कक्षातून जवळची गाडी शोधून रवाना करणे हा तिचा प्राण होय. पोलीस, अग्निशमन व वैद्यकीय मदतीसाठी ११२ हा एकच क्रमांकही आला. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने आपत्ती व्यवस्थापन आणि जीवितरक्षणासाठी लागणाऱ्या लहरी लिलावाविना देण्याची तरतूद केली. दूरसंचार कंपन्यांच्या महसुलातून दुर्गम भागांसाठी बाजूला काढला जाणारा निधीही आज ‘डिजिटल भारत निधी’ या नावाने उपलब्ध आहे. म्हणजे लहरी शासनाच्या हाती आहेत आणि पैसा शेवटी आपल्याच फोनबिलातून आलेला आहे.

मग उणीव कोठे राहते? ती शेवटच्या टप्प्यात राहते. गेवराई तालुक्याच्या उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत जायकवाडीतून प्रचंड विसर्ग झाला आणि गोदाकाठच्या गावांवर पुराचे संकट आले. अशा रात्री वीज जाते, मनोऱ्याची बॅटरी काही तासांत संपते, आणि गर्भवती भगिनी किंवा सर्पदंश झालेला शेतकरी असलेले घर जगापासून तुटते. गाडी सज्ज असते, डॉक्टर जागे असतात; निरोप मात्र येत नाही.

म्हणून शासनाकडे आपली तीन नम्र मागणी असावीत. पहिली, ग्रामीण भागातील धर्मादाय रुग्णालये जिल्हा नियंत्रण कक्षाच्या बिनतारी जाळ्यात समाविष्ट करावीत. रिकामी खाट, रक्त व प्राणवायू यांची माहिती रुग्ण निघण्यापूर्वीच तेथे असावी. दुसरी, पूरप्रवण भागातील मनोऱ्यांना किमान २ दिवस पुरेल एवढी पर्यायी वीज सक्तीची करावी. तिसरी, यंत्रखरेदीबरोबरच तिची देखभाल आणि चालकांचे प्रशिक्षण यांसाठी दरवर्षी तरतूद व्हावी. धूळ खात पडलेला संच हा नसलेल्या संचाहून घातक, कारण त्यावर आपण विसंबून राहतो.

आपलाही वाटा आहे. मदत मागताना गाव, फाटा, वस्तीचे नाव आणि जवळची खूण स्पष्ट सांगावी. ऊसतोडीसाठी परजिल्ह्यांत जाणाऱ्या कुटुंबांनी आपला तळ कोणत्या कारखान्याच्या हद्दीत आहे, हे घरातील प्रत्येकाला ठाऊक करून द्यावे. देणगीदारांनी गाडी द्यावी, आणि त्याच हक्काने लोकप्रतिनिधींना विचारावे की, या गाडीपर्यंत हाक पोहोचण्याची सोय काय?

दात्याचे दान आणि शासनाचे कर्तव्य यांची सांगड पडली, तरच वेळेवरचे उपचार खेड्यातील माणसाच्या वाट्याला येतील.