व्हाइटफील्ड : म्हैसूरच्या मातीतील इंग्रजी खेडे

खेडे म्हटले की पिढ्यान्‌पिढ्या एकाच मातीत रुजलेली वस्ती डोळ्यांपुढे येते. बंगळूरच्या पूर्वेस सुमारे 20 किलोमीटरवरील व्हाइटफील्ड मात्र आधी कागदावर आखले गेले आणि मग वसले.

युरोपीय व भारतीय अशा मिश्र वंशाच्या लोकांना त्या काळी युरेशियन म्हणत. पुढे अँग्लो-इंडियन हे नाव रूढ झाले. हा समाज बहुतांशी सरकारी नोकरीवर जगत असे. सुशिक्षित भारतीय तरुण त्याच नोकऱ्यांसाठी पुढे येऊ लागले, तेव्हा या समाजाच्या उपजीविकेचा प्रश्न उभा राहिला. मद्रासचे डी. एस. व्हाइट यांनी त्यावर शेतीचा मार्ग सुचविला. स्वतःची जमीन कसणाऱ्यास कोणाच्या मर्जीवर अवलंबून राहावे लागत नाही, हा त्यामागील विचार होय. 1882 मध्ये म्हैसूरचे महाराज चामराजेंद्र वडियार यांनी अशा वसाहतींसाठी 3,900 एकर जमीन दिली. तीतून व्हाइटफील्ड आणि शेजारचे सॉसमंड उभे राहिले.

मध्यभागी वर्तुळाकार मोकळी जागा, तिच्याभोवती बागबगीचा असलेली कौलारू घरे आणि 1886 साली बांधलेले मेमोरियल चर्च, अशी गावाची रचना होती. घडण इंग्रजी असली तरी भोवतालचा मुलूख जुना होता. जवळचे होसकोटे आणि त्यापलीकडील कोलार ही ठाणी सतराव्या शतकात शहाजीराजांच्या जहागिरीत मोडत. कोलारचे सोमेश्वर मंदिर तर विजयनगरच्या काळातील आहे.

आराखडा मोठा होता. वस्ती मात्र वाढली नाही. 1907 मध्ये येथे अवघी 45 घरे व 130 माणसे होती. जमीन कोरडवाहू, पाऊस बेभरवशाचा, आणि कचेरीत वाढलेल्या कुटुंबांतून नांगर धरणारे थोडे. तरुण पुन्हा रेल्वे व तारखात्याकडे वळले. गाव निवृत्तांचे विश्रांतिस्थान बनले. 1947 नंतर अनेक कुटुंबे इंग्लंड-ऑस्ट्रेलियास गेली.

विसाव्या शतकाच्या अखेरीस येथे संगणक-उद्योग आला आणि 2023 मध्ये मेट्रो आली. आज उंच इमारतींच्या गर्दीत ‘इनर सर्कल’ हे नाव, ते वर्तुळ आणि मोजकीच जुनी घरे उरली आहेत. ज्या जमिनीने एका समाजास स्वावलंबी करावयाचे होते, तिचे मोल अखेर वाढले ते पिकामुळे नव्हे. किल्ले आणि देवळे यांच्या रक्षणासाठी कायदे आहेत. परंतु सामान्य माणसांनी स्वाभिमानाने जगण्यासाठी मांडलेल्या अशा प्रयोगांच्या खुणा जपावयाच्या की नाहीत, हे समाजालाच ठरवावे लागते.