पऱ्हाटीच्या मुलखात विज्ञानाचं पुस्तक



आज मी मुद्दाम कला आणि वाणिज्य शाखेच्या मुलांशी बोलणार आहे, तेही विज्ञानाच्या पुस्तकांविषयी. दहावीनंतर सायन्स सुटलं, तरी विज्ञान आपल्याला सोडत नाही. 2017 साली आपल्या जिल्ह्यात गुलाबी बोंडअळीनं कापूस खाल्ला आणि त्याच हंगामात फवारणीच्या विषबाधेनं माणसं दगावली. बीटी कपाशीवर अळी जगलीच कशी? बीटीच्या विषाला पुरून उरलेल्या थोड्या अळ्यांचीच पुढे वीण वाढत गेली. हाच डार्विनचा सिद्धांत, आपल्या धुऱ्यावर घडलेला.

म्हणून पहिलं पुस्तक सांगतो, वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर'. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर गुलामगिरीत जन्मले आणि 1896 मध्ये अलाबामातल्या टस्कीगीला शिकवायला गेले. तिथली जमीन वर्षानुवर्षं कापूस घेऊन निकस झाली होती. त्यांनी शेतकऱ्यांना भुईमूग, चवळी लावायला सांगितलं, कारण शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन जमिनीला देतात. पऱ्हाटीत तुरीचं तास टाकणाऱ्या तुमच्या बाबांना हे पुस्तक परकं वाटणार नाही. आईबाबांना वाचून दाखवा.

मग जयंत नारळीकर. एवढा मोठा खगोलशास्त्रज्ञ, पण 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी कृष्णविवरावरची कथा टोपणनावानं पाठवली. आपल्या नावाकडे बघून नव्हे, कथेकडे बघून निकाल लागावा, ही त्यामागची सचोटी मला फार मोलाची वाटते. कथेला पहिलं बक्षीस मिळालं! त्यांचा 'यक्षांची देणगी' हा कथासंग्रह घ्या. गोष्टींची गोडी लागली की 'आकाशाशी जडले नाते' उघडा. टिपेश्वरचं जंगल पाहिलेल्यांनी मारुती चितमपल्लींचं 'रानवाटा' वाचावंच. अच्युत गोडबोल्यांचं 'किमयागार' जाडजूड आहे, पण घाबरू नका. आवडेल तो शास्त्रज्ञ निवडून तिथून सुरुवात करा.

एखादं पान अडलं, तर ते सोडून पुढे जा. कथा-कादंबरीतही आपण तसंच करतो. या पाचही पुस्तकांच्या प्रती मी आज ग्रंथालयाला दिल्या आहेत. ग्रंथपालांना माझी विनंती आहे, त्या कुलूपबंद कपाटात ठेवू नका. पानं मळली, कोपरे दुमडले तरी चालतील, मी नव्या प्रती पाठवीन.